विश्लेषण : इंटरनेटवरचा कोड असाइनमेंटमध्ये वापरला, तर ती कॉपी ठरते का?

सबमिशनचा आठवडा आला की इंजिनिअरिंग, बीसीए, बीएस्सी आयटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मागणी सुरू होते : ‘प्रॅक्टिकलचा कोड टाका रे.’ एकाने टाकलेला कोड मग अनेकांच्या जर्नलमध्ये दिसतो. आता त्यात चॅटजीपीटीसारख्या एआय टूल्सची भर पडली आहे. यातली मदत कुठली आणि कॉपी कुठली?

यूजीसीचा नियम काय सांगतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियमावली आणली. त्यानुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या पुढे नोंदणीच रद्द होते.

मात्र हे टक्के असाइनमेंटला लागू नाहीत. नियमावलीच्या व्याख्येतूनच असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि उत्तरपत्रिका वगळल्या आहेत. म्हणजे पदवीच्या मुलाने दिलेला कोड कॉपी आहे की नाही, हे विद्यापीठ, कॉलेज किंवा थेट शिकवणारे सर-मॅडमच ठरवतात.

मग रेषा कुठे आखायची?

नुसतं ‘कॉपी करू नका’ म्हणून भागत नाही. लायब्ररी वापरणं, अडलं की स्टॅक ओव्हरफ्लोवर शोधणं हा प्रोग्रामरच्या रोजच्या कामाचा भाग आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘सीएस५०’ या प्रसिद्ध कोर्सने ही रेषा नेमकी आखली आहे. ऑनलाइन सापडलेल्या चार ओळी वापरायला तिथे परवानगी आहे, पण अटी दोन : त्या ओळी म्हणजेच दिलेल्या प्रश्नाचं उत्तर नसावं आणि त्या कुठून घेतल्या हे लिहावं. चूक सापडत नसेल तर स्वतःचा कोड मित्राला दाखवता येतो. पण आपलं अडलंय म्हणून मित्राचं तयार उत्तर बघता येत नाही. नियम मोडलाच, तर ७२ तासांच्या आत स्वतःहून सांगणाऱ्याचं प्रकरण सहसा कोर्सच्या पातळीवरच मिटवलं जातं.

व्हेरिएबलची नावं बदलली तर?

उपयोग नाही. स्टॅनफर्डचे प्राध्यापक ॲलेक्स एकन यांनी १९९४ मध्ये ‘मॉस’ ही प्रणाली तयार केली. ती कोडमधली नावं, मोकळ्या जागा आणि कॉमेंट बाजूला ठेवून रचना तपासते. अर्थात, साम्य दाखवणं एवढंच तिचं काम. कॉपी झाली का, हे माणसालाच ठरवावं लागतं. दहा ओळींच्या सोप्या प्रोग्राममध्ये साम्य येणारच. म्हणून वायवा महत्त्वाची. ‘हा लूप इथे का?’ या प्रश्नाला उत्तर नसेल, तर सॉफ्टवेअरची गरजच उरत नाही.

संदर्भ द्यायचा कसा?

निबंधासारखी शेवटी यादी लागतेच असं नाही. घेतलेल्या ओळींच्या वर कॉमेंट पुरते. उदाहरणार्थ : ‘// पुढच्या ६ ओळी स्टॅक ओव्हरफ्लोवरील उत्तरातून, दुवा, पाहिल्याची तारीख, अट मी बदलली.’ कुठून घेतलं, कधी घेतलं आणि आपण काय बदललं, या तीन गोष्टी त्यात हव्यात. हा केवळ शिष्टाचार नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर ज्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतो, त्यात मूळ लेखकाला श्रेय देणं ही अटच आहे.

एआयचं काय?

परवानगी आहे का, हे आधी विचारावं. ‘सीएस५०’मध्ये चॅटजीपीटी चालत नाही, पण कोर्सने स्वतः तयार केलेलं एआय टूल चालतं. परवानगी असेल तर कुठलं टूल, कशासाठी आणि कुठल्या भागात वापरलं हे नोंदवावं. पण नोंद केली म्हणजे सगळं माफ, असंही नाही. पूर्ण उत्तरच एआयने लिहिलं असेल, तर ते प्रामाणिकपणे सांगितलं तरी मार्क कशाचे द्यायचे?

एवढा बाऊ कशाला?

एमएससाठी परदेशी जाणाऱ्या मराठी मुलांची संख्या मोठी आहे. इथे ‘सगळेच करतात’ म्हणून खपलेली सवय तिथे थेट शिस्तभंगाच्या चौकशीपर्यंत नेऊ शकते. अमेरिकेत निलंबन झालं तर विद्यार्थी व्हिसाही धोक्यात येतो. आणि इथेच राहणाऱ्याला कॅम्पस मुलाखतीत कोड स्वतः लिहून दाखवावा लागतो. तिथे ग्रुपवर मागायची सोय नसते.

त्यामुळे कॉलेजांनीही सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात काय चालेल आणि काय नाही, हे एका पानावर लिहून द्यायला हवं. नियम आधी सांगितला, तर तो मोडल्याची शिक्षाही न्याय्य वाटते.