बिंदुसरेचे पात्र आणि सरळ रेषेचा सोस

बालाघाटच्या डोंगरातून उतरून बीड शहराच्या मधून वाहणाऱ्या बिंदुसरेने १९८९ च्या जुलैतील पुरात जो हाहाकार उडविला, तो ज्यांनी पाहिला त्यांनी ‘नदी खोल करा, वळणे काढून टाका’ असा आग्रह धरावा, यात नवल नाही. आणि पुढे जलयुक्त शिवार अभियानाच्या निमित्ताने खोलीकरण-रुंदीकरणाची कलमे कचेऱ्यांच्या अंदाजपत्रकांत रूढ झाल्यावर तर या आग्रहावर शास्त्राचाच शिक्का बसल्यासारखे झाले. पात्र जितके खोल आणि सरळ, तितके पाणी व गाळ लवकर निघून जातात, असा हा पूर्वपक्ष.

त्यातला गणिताचा भाग खरा आहे. प्रवाहाचा वेग काढण्याच्या मॅनिंगच्या सूत्राप्रमाणे उतार व तळाचा खडबडीतपणा तोच राहिला, तर रुंद पात्रात पाण्याची खोली दुप्पट होताच वेग सुमारे १.६ पट होतो. वळण छाटून वाट निम्मी केली, तर उतार दुप्पट होऊन वेग सुमारे १.४ पट वाढतो. परंतु हे सूत्र तळ अचल मानते, आणि नदीचा तळ अचल नसतो. वेगाच्या मानाने गाळ ओढण्याची शक्ती कितीतरी अधिक वाढते. शिवाय खोदलेल्या खड्ड्याच्या वरच्या तोंडाशी जी पायरी पडते, ती प्रत्येक पुराबरोबर उगमाच्या दिशेने सरकत काठ ढासळविते, पुलांचे पाये उघडे पाडते, आणि खुद्द खड्ड्यात पाणी संथावल्यामुळे सरकारी खर्चाने उपसलेल्या गाळाची भरपाई काठच्या शेतांतील मातीने होते. उरलेला गाळ, बिंदुसरा जिला मिळते त्या सिंदफणा नदीच्या मार्गाने माजलगावच्या जलाशयाकडे जातो. म्हणजे बीडची अडचण माजलगावच्या खात्यावर चढते.

वळण हे तर नदीचे व्यंग नव्हेच. वळणावर वरचे पाणी बाहेरच्या काठाकडे व तळचे आतल्या काठाकडे सरते, म्हणून एकीकडे डोह पडतो आणि दुसरीकडे वाळू साचते. १९२६ साली आइन्स्टाइनने चहाच्या पेल्यात ढवळल्यावर पाने मध्याशी का जमतात, हे सांगताना हेच रहस्य उलगडले होते. डोह आणि उथळ यांच्या या आलटापालटीत पुराचे बळ वाटेतच खर्ची पडते.

मग करावे काय? गाळ काढावयाचाच असेल तर तो तलावांतून काढून शेतांवर घालावा, कारण तेथे तो खरोखरच अस्थानी असतो. नदीला मात्र पुराच्या वेळी पसरण्यास रुंदी द्यावी. ही रुंदी शहरात अतिक्रमणांनी दडपलेली आहे, आणि अतिक्रमणाला हात लावण्यापेक्षा तळाला पोकलेन लावणे पुष्कळ निर्धोक, हे सांगण्यास जलशास्त्रज्ञ नको. यंत्र उतरविण्यापूर्वी सिंदफणेच्या संगमापर्यंत पात्राचे उभे-आडवे छेद पावसाळ्याआधी व नंतर मोजावेत, आणि तळ कोठे खचतो, कोठे भरतो याची ती नोंद मोजणीच्या नकाशांसह चावडीवर कोणालाही पाहता यावी.