किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला?



संघटनेच्या संगणकासाठी पासवर्ड मॅनेजर कोणता घ्यावा, हा काय संपादकीयाचा विषय झाला, असं काहीजणींना वाटेल. मला तो आपलाच विषय वाटतो. आपल्या सल्ला केंद्रांच्या नोंदी पूर्वी लोखंडी कपाटात असत. आता मारहाणीच्या तक्रारी, पोटगीच्या अर्जांच्या प्रती, दवाखान्याचे कागद, बाई सध्या कुठे राहते तो पत्ता, सारं संगणकात आणि ई-मेलमध्ये आहे. त्याला कुलूप कसलं? संघटनेचं नाव आणि स्थापनेचं वर्ष! तेच ई-मेलला, तेच बँकेला, आणि विसरायला नको म्हणून कॅलेंडरच्या मागे लिहिलेलं. एका ठिकाणचा पासवर्ड चोरीला गेला की चोर तोच दहा ठिकाणी लावून पाहतो.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे पासवर्डची तिजोरी. प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक, अर्थहीन पासवर्ड तीच तयार करते आणि जपते. आपण लक्षात ठेवायचा तो फक्त तिजोरीचा मुख्य पासवर्ड.

आता निवड. ब्राउझर 'पासवर्ड जपून ठेवू का?' असं विचारतो, तीही तिजोरीच. एकटीच्या संगणकावर ती चालेल. पण कार्यालयातला संगणक सकाळी एक कार्यकर्ती, दुपारी दुसरी, संध्याकाळी कुणाचा तरी भाचा वापरतो. उघड्या संगणकावर जो बसेल त्याच्यासाठी ब्राउझर मुकाट्याने पासवर्ड भरून देतो.

माझ्या मते आपल्यासारख्यांनी दोनच नावांचा विचार करावा. एक किपासएक्ससी. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, सारे पासवर्ड आपल्याच संगणकावरच्या एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतात. ती फाइल मात्र आपणच जपायची. पेनड्राइव्हवर प्रत नसेल आणि संगणक बिघडला, तर सगळं गेलं. दुसरं बिटवॉर्डन. यात तिजोरी कंपनीच्या सर्व्हरवर असते, पण आपल्या संगणकावरच कुलूप लागून मग तिकडे जाते. फोनवरूनही उघडता येते. एकटीला फुकट, फुकटात वाटून घेणं मात्र दोघींपुरतंच, त्यापुढे पैसे. दोन्हींची आतली रचना खुली आहे, कुणाही जाणकाराला तपासता येते.

हे तपासणं का महत्त्वाचं? लास्टपास या नावाजलेल्या कंपनीकडून 2022 मध्ये ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणत्या वेबसाइटचे ते, हे पत्ते उघडे होते. इतरांना ही किरकोळ बाब वाटेल. घर सोडायच्या विचारात असलेल्या बाईच्या यादीत वकिलाचा, निवारागृहाचा पत्ता असतो. ती यादीच सगळं बोलते.

मुख्य पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या पाचसहा शब्दांचा करावा. ओवी, सुविचार, मुलाचं नाव नको. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिणार असाल तर 'भाकरी'त एक ए की दोन, हे आधीच ठरवा. नाहीतर स्वतःच्याच दाराबाहेर उभ्या राहाल. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा जुना दंडकही सोडा. अमेरिकेच्या मानक संस्थेने, निस्टने, 2017 मध्येच तसं सांगितलं. संशय आला किंवा एखादी कार्यकर्ती काम सोडून गेली, की मात्र लगेच बदला.

आणि मुख्य पासवर्ड कुणाकडे? इथे मला सासूच्या कमरेचा जुडगा आठवतो. संघटनांतही 'संगणक कळणारी' एकच असते, आणि नकळत सगळं तिच्या हाती जातं. ती आजारी पडली, रुसली, की केंद्र ठप्प. मुख्य पासवर्ड विसरला तर या दोन्ही ठिकाणी तो कुणीही काढून देऊ शकत नाही. म्हणून तो दोघींना ठाऊक असावा, आणि एका पाकिटात बंद करून, वर सह्या करून, तिसरीच्या कपाटात ठेवावा. बैठकीत तसा ठराव करा.

घरातली गोष्ट वेगळी. नवऱ्याने संगणकावर पाळतीचं काही बसवलं असेल, तर टाइप केलेला मुख्य पासवर्डही त्याला दिसतो; तिथे कोणताच मॅनेजर उपयोगी नाही. फोन बोटाच्या ठशाने उघडत असेल, तर झोपलेल्या बाईचं बोटही पुरतं. अशा बाईला 'आजच सगळे पासवर्ड बदल' असं सांगू नका. एकदम बदललेले पासवर्ड त्याला सावध करतात. मैत्रिणीच्या किंवा केंद्राच्या संगणकावर नवं ई-मेल खातं उघडा, तिजोरी तिथेच सुरू करा, पुढचा सारा पत्रव्यवहार त्यावरून करा. जुनी खाती ती सुरक्षित जागी पोचेपर्यंत होती तशीच चालू द्या.