मांजराला फाशी देण्याआधी

गर्भपात झाला, पिशवी साफ केली, की आठवड्याभरात बाईच्या हातात ‘टॉर्च’ तपासणीची चिठ्ठी पडते. मी पॅथॉलॉजिस्ट. असल्या चिठ्ठ्यांवर माझी लॅब चालते. तरी सांगते, त्यातल्या बहुतेक फाडून टाकायच्या लायकीच्या असतात.

टॉर्च म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पिस या जंतूंची तपासणी. १९७१ साली बालरोगतज्ज्ञ आंद्रे नाहमियास यांनी ही मोट बांधली ती जन्मतःच संसर्ग घेऊन आलेल्या बाळांसाठी. आपण ती गर्भ गमावलेल्या बाईच्या गळ्यात अडकवली. वारंवार गर्भपात होणाऱ्यांतसुद्धा ही तपासणी सरसकट करणं बंद करा, असं ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं केव्हाच बजावलं आहे. ऐकतो कोण!

आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे तो जंतू कधीतरी, कदाचित तुम्ही शाळेत असताना, अंगात शिरला आणि शरीरानं त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवून ठेवली. बस्स. सायटोमेगॅलोचं आयजीजी आपल्याकडे बहुतेक बायकांत सापडतं, तीन धडधाकट मुलं असलेल्यांतही. पण रिपोर्टात ते ठळक छापायचं, शेजारी बाण काढायचा. मग निकाल टॉक्सोप्लाझ्माचा असेल, तर तो मांजरातून पसरतो म्हणून सासूबाई सुनेच्या माहेरच्या मांजराची चौकशी करतात आणि डॉक्टर स्पायरामायसिन लिहून देतात. गरोदरपणात टॉक्सोप्लाझ्माचा ताजा संसर्ग झाला तर तो गर्भापर्यंत पोचू नये म्हणून द्यायचं हे औषध. जिला दिवसच नाहीत तिला जुन्या आयजीजीवर ते कशाला?

आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे ताजा संसर्ग, हेही अर्धंच खरं. ते महिनोन्‌महिने रेंगाळतं, कधी चक्क खोटं येतं. शंका असेल तर अ‍ॅव्हिडिटी तपासा. प्रतिपिंडांची पकड घट्ट असेल तर संसर्ग जुना. पण एवढं समजावणार कोण? चिठ्ठी लिहिणाऱ्याला लॅबकडून कमिशन पोचलं की काम संपलं.

सुरुवातीच्या महिन्यांतले निम्मे तरी गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या गडबडीमुळे होतात. ते तपासायचा तुकडा मात्र बादलीत जातो. वारंवार गर्भपात होत असतील तर अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं बघावीत, पॉझिटिव्ह आली तर बारा आठवड्यांनी पुन्हा. त्यावर अ‍ॅस्पिरिन-हेपॅरिनचा उपचार तरी आहे. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर ही तपासणी शोधावी लागते.

आणि टॉर्चच्या पॅनेलमधला एक निकाल खरोखर कामाचा असतो: रुबेलाचं आयजीजी निगेटिव्ह. म्हणजे संरक्षण नाही. लस घ्या, त्यानंतर महिनाभर दिवस राहू देऊ नका. तो निकाल साध्या अक्षरांत, बाणाशिवाय छापलेला असतो. निगेटिव्ह वाचून घरचे खूश होतात, डॉक्टर पान उलटतात.