प्रश्न घरातलेच विचारणार

शिरपूर जैनच्या माणसाने पोपच्या कारभारात नाक खुपसू नये, असं मित्र म्हणतात. पण अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिराला जैन पंथांच्या वादात 1981 पासून चार दशकं लागलेलं कुलूप आमच्या गावाने पाहिलंय. भाविक झरोक्यातून दर्शन घ्यायचे. एकाच धर्मातलं भांडण किती चिवट असतं, हे आम्हाला कुणी सांगायला नको.

कॅथलिकांमध्येही तसंच भांडण आहे. मार्च 2021 मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्यास मनाई केली. मे महिन्यात जर्मनीतल्या अनेक पाद्र्यांनी ते उघडपणे दिले, आणि चर्चही सोडलं नाही. मला त्याचंच कौतुक. डिसेंबर 2023 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पूजाविधीबाहेर आशीर्वादाला मुभा दिली. विवाह मात्र स्त्री-पुरुषाचाच, हे कायम ठेवलं.

मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी 2013 मध्येच, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 लागू असताना, समलिंगी व्यक्ती गुन्हेगार नाहीत असं म्हटलं होतं. समलिंगी विवाहाला मात्र त्यांचा विरोधच होता. आता वसई-मुंबईतल्या समलिंगी मुलांच्या कॅथलिक आईबापांनी आपापल्या बिशपांना सरळ विचारावं: चर्चमध्ये लग्न लावू नका, पण उद्या अशा विवाहाची सरकारी नोंदणी झाली तर तुमची हरकत आहे का?