पहिल्या अंघोळीचा मान आणि थंड न्हाणीघर



वर्गात जपानचा विषय निघाला की आपली उदाहरणे ठरलेली असतात. तिथली मुले शाळा स्वतः झाडतात, रेल्वे मिनिटाला धरून सुटते, माणसे खूप वर्षे जगतात. आणि स्वच्छता म्हणाल तर रोज गरम पाण्याची अंघोळ! हे सगळे खरेच आहे, पण माझ्या मते ही अर्धीच गोष्ट झाली. त्याच अंघोळीत दर हिवाळ्यात तिथले हजारो आजी-आजोबा दगावतात. हे आपण मुलांना सांगतच नाही.

आधी ही अंघोळ समजून घेऊ. तिला ओफुरो म्हणतात. टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसून अंग साबणाने घासून धुवायचे आणि स्वच्छ झाल्यावरच खोल टबात खांद्यापर्यंत बुडून बसायचे. पाणी खराब होत नाही, म्हणून त्याच पाण्यात घरातले सगळे एकामागून एक बसतात. अंघोळीचे तिथे इतके कौतुक की २६ नोव्हेंबरला 'चांगल्या अंघोळीचा दिवस' मानतात. ११-२६ हे आकडे विशिष्ट पद्धतीने वाचले की 'ई फुरो' म्हणजे 'चांगली अंघोळ' असा शब्द जुळतो. (मुलांना हे फार आवडेल.) पण गंमत बघा, धोक्याचे महिनेही साधारण तेव्हाच सुरू होतात.

अडचण पाण्यात कमी आणि घरात जास्त आहे. जपानमधली बरीच घरे हिवाळ्यात पूर्ण गरम केली जात नाहीत. माणसे बसतात ती खोली तेवढी ऊबदार. पायांवर रजई आणि खाली हीटर असलेले कोतात्सु नावाचे बुटके टेबल असते, त्याभोवती सगळे बसतात. कपडे बदलायची जागा आणि न्हाणीघर मात्र गारठलेले. म्हातारा माणूस उबेतून उठून तिथे कपडे काढतो, तेव्हा रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. मग ४२ अंशांच्या पाण्यात उतरला की त्याच रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. टबातून झटकन उभा राहिला तर अंगावरचा पाण्याचा दाबही जातो, मेंदूला रक्त कमी पडते आणि भोवळ येते. पुढे काय होते ते सांगायला नको, टब खोल असतो. याला तिथे 'हीट शॉक' म्हणतात. शिवाय खूप वेळ बसल्याने अंग तापते, गुंगी येते आणि धोका कळतच नाही.

आरोग्य मंत्रालयाच्या संशोधन गटाने असे मृत्यू वर्षाला सुमारे १९,००० असावेत असा अंदाज मांडला होता. ६५ वर्षांवरच्या माणसांत रस्ता अपघातापेक्षा घरच्या टबात बुडून जास्त जण जातात. कोणी म्हणेल, थंड प्रदेशात हे व्हायचेच. पण सर्वांत थंड होक्काइदो बेटावर हे प्रमाण तुलनेने कमी आहे, कारण तिथली घरे थंडी गृहीत धरूनच बांधलेली असतात. म्हणूनच 'म्हाताऱ्यांनी जपायला हवे होते' हे बोलणे मला पटत नाही. दोष घराच्या बांधणीचा, आणि बोलणी मात्र आजोबांना.

आता मानाचा प्रश्न. जुन्या रीतीप्रमाणे पहिली अंघोळ पाहुण्याची, मग घरच्या कर्त्या पुरुषाची आणि सुनेची सगळ्यात शेवटी. पहिल्या अंघोळीला 'इचिबान-बुरो' म्हणतात. पाणी ताजे आणि कडक गरम, पण खोली तेव्हा सर्वांत थंड! दोन-तीन जणांच्या अंघोळी झाल्या की वाफेने खोली आपोआप तापते. तेव्हा मोठ्यांना मान म्हणून पहिला नंबर देण्यापेक्षा दुसरा-तिसरा द्यावा, असा सल्ला आता तिथेही दिला जातो. मला वाटते हे सांगणे सर्वांत अवघड असेल. आपल्याकडेही आजोबांना ताटावर नंतर बसवले तर काय होईल, विचार करा!

काही लोक म्हणतात, गरम पाण्यात शांतपणे गेला, भाग्यवान. 'पिन-पिन कोरोरी' असा शब्दप्रयोगच आहे, धडधाकट जगायचे आणि पटकन जायचे. पण जो मृत्यू एका हीटरने टळला असता, त्याला भाग्य म्हणायला माझे मन धजत नाही.

अंघोळ वाईट असेही कोणी समजू नये. सुमारे ३०,००० जपानी लोकांच्या एका मोठ्या अभ्यासात रोज टबात बसणाऱ्यांना हृदयविकार कमी आढळला. मात्र सुरुवातीला ते ४० ते ५९ वर्षांचे होते. त्यावरून ८० वर्षांच्या आजींबद्दल निष्कर्ष काढू नये, एवढे गणित आपल्याला यायला हवे.

तिथल्या ग्राहक संरक्षण खात्याच्या सूचना साध्या आहेत. खोली आधी गरम करा, पाणी ४१ अंशांच्या आत ठेवा, १० मिनिटांत बाहेर या, जेवल्यावर लगेच किंवा दारू पिऊन उतरू नका, हळू उठा. आणि अंघोळीला जाताना घरच्यांना सांगून जा. या शेवटच्या सूचनेत नातवंडांना खरे काम आहे. आजोबांना वेळ लागला तर दाराबाहेरून हाक मारायची. आतून उत्तर आले नाही तर लाजायचे नाही, दार उघडायचे, मोठ्यांना बोलवायचे. आणि सगळ्यात आधी टबाचे बूच ओढायचे. आजोबांना उचलणे लहान हातांना जमणार नाही, पण बूच ओढणे जमते.