साधेपणाचं कौतुक पुरे, सातबारा बघा



खेड्यातल्या नव्वदीच्या आजीचा विषय निघाला की आपलं बोलणं ठरलेलं असतं. खाणं किती साधं, गरजा किती थोड्या, म्हणून तर एवढं आयुष्य लाभलं! कुणीतरी लगेच म्हणतं, "हाच खरा अपरिग्रह." मला हे पटत नाही.

मालवण तालुक्यात आमच्या शेजारच्या वाडीत अशा एक आजी आहेत. नवरा मुंबईला गिरणीत. गणपतीला आणि मे महिन्यात काय तो घरी यायचा. १९८२ च्या संपानंतर तो कायमचा परतला, तोपर्यंत शेत एकट्या आजींनी सांभाळलं. पावसात इरलं घेऊन तरवा काढायचा, लावणी करायची. मग कापणी, झोडणी, भात उकडून वाळवणं. त्यामागून कुळीथ. उन्हाळ्यात रातांबे फोडून सोलं करायची, झापं विणायची. गोठ्याला तर सुट्टीच नाही. पेज आणि कुळथाची पिठी हे त्यांचं जेवण. दुसरं काही परवडतच नव्हतं.

मी एकदा विचारलं, "आजी, जमीन कोणाच्या नावावर?" त्या हसल्या. "घोवाच्या नावार होती, आता झिलांच्या. माझा काय आसा थंय?"

अपरिग्रह म्हणजे असलेल्या गोष्टीला स्वतः मर्यादा घालणं. परिग्रह-परिमाण घेताना आपण शेत, घर, सोनं, धान्य मोजतो आणि मग त्याला सीमा घालतो. जिच्या नावावर एक गुंठाही नाही, तिने सोडायचं काय? नाइलाजाला व्रत म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, तिच्या पदरात मात्र काही पडत नाही.

ही एका घराची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या, तर राज्यात ९२९. पोटापाण्यासाठी पुरुष बाहेर गेले आणि घर-शेत बायकांवर राहिलं, हे या आकड्यांमागचं एक मोठं कारण. कोकणाबाहेरही तेच. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) तरुणपणी विधवा झाल्या आणि जन्मभर शेतात राबल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी कविता लिहून ठेवल्या म्हणून आज आपल्याला त्यांचं नाव माहीत आहे. बाकीच्या शेतकरणींचं नाव निदान सरकारी कागदावर तरी राहायला नको का?

कायदा आपल्या बाजूने आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पतीच्या मालमत्तेत पत्नीला मुलाइतकाच वाटा मिळतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क २००५ पासून देशभर आहे. पती हयात असतानाच पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी महाराष्ट्रात १९९२ पासून लक्ष्मीमुक्ती योजना आहे.

अडतं ते घरात. वारस नोंदीच्या वेळी आईला सांगतात, "तुला काय करायचंय?" लेकीपुढे हक्कसोडपत्र येतं आणि सही केली की म्हणतात, "किती मोठं मन!" मैत्रिणींनो, समजून-उमजून सही करणारीला माझं काही म्हणणं नाही. पण माहेर तुटेल या धास्तीने केलेल्या सहीला त्याग म्हणू नका.

आपल्यातल्या कितीतरी जणींचं माहेर कोल्हापूर-सांगलीकडचं, शेतीवाल्यांचं. या सुट्टीत जाल तेव्हा आजीच्या दीर्घायुष्याचं गुपित विचारा, जरूर विचारा. आणि त्याच दिवशी मोबाइलवर सातबारा उघडून तिचं नाव त्यात आहे का, तेही बघा. नसेल तर भावाला, वडिलांना घेऊन तलाठ्याकडे जा. ती हयात आहे तोवर जा.