उजव्या सीटवरची बाई

रॅली म्हटलं की आपल्याला मोर्चाच आठवतो. फलक, घोषणा आणि संध्याकाळी सुजलेले पाय. गेल्या ऑगस्टमध्ये मी पाहिली ती रॅली मोटारींची होती. नोकरीनिमित्त फिनलंडमध्ये राहणाऱ्या मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या शेजारी राहणाऱ्या साठीच्या बाई म्हणाल्या, ‘शनिवारी राष्ट्रीय अजिंक्यपदाची रॅली आहे, खडीच्या रस्त्यांवरची. येता का?’ मी मनात म्हटलं, पेट्रोल जाळायचं, धूळ उडवायची, सगळा पुरुषांचा खेळ. तरी गेले.

ही शर्यत मैदानात गोल फिरत नाही. जंगलातले खडीचे रस्ते काही तास रहदारीला बंद करतात आणि साधारण मिनिटामिनिटाच्या अंतराने एकेक गाडी सोडतात. सगळ्या टप्प्यांत मिळून ज्या गाडीला कमीत कमी वेळ लागतो ती जिंकते. एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्याकडे जाताना मात्र याच गाड्या साध्या रस्त्याने, वाहतुकीचे नियम पाळत जातात. प्रेक्षक झाडांमध्ये, फितीच्या मागे उभे राहतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूला थांबायचं नाही, हे शेजारीणबाईंनी मला तीनदा बजावलं. ते उगाच नव्हतं. १९८६ साली पोर्तुगालमध्ये आणि १९९६ साली फिनलंडमधल्याच युवास्कुला शहरात गाडी गर्दीत घुसून प्रेक्षकांचे जीव गेले आहेत.

आधी माझं लक्ष गेलं ते गाड्यांपेक्षा बायकांकडे. घडीच्या खुर्च्या, थर्मासमधली कॉफी, कागदात गुंडाळलेलं भाजलेलं सॉसेज. एक आजी तर एकट्याच आल्या होत्या. बाई हातात काही काम नसताना चार तास रस्त्याच्या कडेला उभी आहे आणि ‘इथे कशाला?’ असं तिला कोणी विचारत नाही! आपल्याकडे बाईला रस्त्यावर थांबायला कारण लागतं. मुलाची शाळा सुटायचीय, बस यायचीय. नुसतं बघत उभं राहणं हे आपल्या हिश्शाला येतच नाही.

शिट्टी वाजली. गाडी चढावरून हवेत उडाली, खाली आपटली आणि वळणात नाहीशी झाली. ‘शी इज व्हेरी फास्ट,’ बाई म्हणाल्या. मी चकित झाले. चालवणारी बाई? मग कळलं, फिनिश भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ यांना ‘हॅन’ हा एकच शब्द आहे. त्यामुळे इंग्रजी बोलताना बाईंची ‘ही’ आणि ‘शी’ यांत गल्लत होत होती. मराठीत मला ‘गेला’ की ‘गेली’ हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं करता येत नाही. त्यांना ती अडचणच नाही.

दुपारी गावातल्या फाट्यावर एक रॅलीची गाडी थांबली. आतल्या दोघांनी हेल्मेटं काढलेली होती. उजव्या खिडकीत लांब वेणीची मुलगी! मी जवळजवळ ओरडलेच, ‘बाई चालवतेय!’ शेजारीणबाई हसल्या. तिथे स्टिअरिंग डावीकडे असतं. मी आपल्या सवयीने उजवीकडे पाहिलं होतं. ती होती सहचालक.

खरं सांगते, मी खट्टू झाले. या देशाने १९०६ साली बायकांना मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचाही हक्क दिला. १९०७ साली तिथे १९ बायका संसदेत निवडून गेल्या. आणि तिथेही बाई शेजारच्याच सीटवर? बाईंनी स्पर्धकांची यादी काढून दिली. प्रत्येक गाडीपुढे दोन नावं. बायकांची थोडीच, आणि त्यांतली बहुतेक दुसऱ्या जागी.

मग त्यांनी मला ते दुसरं काम समजावून सांगितलं. शर्यतीआधी दोघंही रस्ता सावकाश बघून येतात आणि प्रत्येक वळणाची, चढाची टिपणं काढतात. शर्यतीत ती टिपणं वाचून दाखवायची ती सहचालकाने. चढापलीकडे रस्ता कुठे वळतो हे चालकाला दिसत नाही. शेजारच्या आवाजावर विश्वास ठेवून तो गाडी पुढे घालतो. एक शब्द उशिरा आला तर गाडी झाडावर. वेळांचा हिशेबही तिच्याकडेच.

हे ऐकताना मला आपल्याकडच्या बायका आठवल्या. पेरणी कधी, बियाणं किती, सोसायटीचा हप्ता कधी भरायचा, विहिरीचं पाणी कुठवर पुरेल, हे सगळं तिला पाठ असतं. पुढचं वळण तीच सांगते, पण सातबाऱ्यावर नाव एकट्या त्याचं. तो गेला, किंवा त्याने दुसरा घरोबा केला, की कचेरीत तिला पहिला प्रश्न येतो : तुमचं नाव कुठे आहे? शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली ती याचसाठी. तरीही हा प्रश्न घेऊन येणारी बाई मला आजही भेटते.

रॅलीत दुसऱ्या सीटचं काम कागदावर येतं. सहचालकाला वेगळं अजिंक्यपद मिळतं, तिच्या स्वतःच्या नावाने. २०२२ साली जागतिक मालिकेच्या दुसऱ्या श्रेणीत फिनलंडच्या रेता हॅमॅलॅइनेनने ते मिळवलं. चालक होता एमिल लिंडहोम. ‘त्याला मदत केली’ एवढ्यावर तिची बोळवण झाली नाही.

म्हणून सारं आलबेल आहे असं नाही. या खेळात बायकांचा वेगळा गट नसतो, सगळे एकाच घड्याळाशी लढतात. फ्रान्सच्या मिशेल मूटोंने १९८१ आणि १९८२ या दोन वर्षांत जागतिक मालिकेतल्या चार रॅली जिंकल्या. शेजारच्या सीटवर फाब्रित्सिया पोन्स, म्हणजे दोघीही बायकाच. ताकदीचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. तरी त्यानंतर आजवर जागतिक रॅली जिंकणारी दुसरी बाई चालक झालेली नाही. कोरड्या दिवशी पहिल्या गाडीला मोकळी खडी बाजूला सारत जावं लागतं, ती घसरते, तिचा वेळ जातो आणि मागच्यांना साफ रस्ता मिळतो. पण मागून कोणी येऊच दिलं नाही, तर साफ रस्त्याचा उपयोग काय?

सर्वनामात भेद नाही, नियमात भेद नाही, मग अडतं कुठे? मला वाटतं, गॅरेजमध्ये. बाप शनिवारी पाना कोणाच्या हातात देतो, घरातला पैसा कोणाच्या हौसेवर लागतो, तिथे. जुन्या गाड्यांच्या ज्या शर्यतींत तिथली मुलं पंधराव्या वर्षापासून उतरतात, त्यांच्या फिनिश नावातच ‘प्रत्येक पुरुष’ असा शब्द आहे. सर्वनामातून काढलेला पुरुष असा दुसऱ्या दाराने आत येतो.

म्हणजे मागण्या दोन आहेत, आणि एकीसाठी दुसरी सोडायची नाही. स्टिअरिंग हवंच. पण ते मिळेपर्यंत, आणि मिळाल्यावरही, शेजारच्या सीटवरचं काम नावानिशी नोंदलं गेलं पाहिजे. मैत्रिणींनो, आज घरातला सातबारा, घरपट्टी, बँकेचं पासबुक काढून बघा. दुसरं नाव आहे का? नसेल, तर का नाही, हे आज रात्री जेवताना विचाराल?